जेवणाची दोन कार्डं

रविवारी संध्याकाळी आपल्या मुलीसमोर, हिल्डेसमोर बसून ओडिलॉनला माणसासारखं जेवून दाखवायचं होतं. काम एवढंच होतं. ते जमलं तर तो गेंटला लागून असलेल्या लेडेबर्गमधल्या आपल्या घरात राहणार होता. नाही जमलं तर त्याला दूर हासेल्टला जावं लागणार होतं, हिल्डेच्या घराजवळच्या वृद्धांच्या इमारतीत. तिथे प्रत्येक खोलीत भिंतीवर लाल बटण असतं आणि ते दाबलं की नर्स येते. त्यातली एक खोली नुकतीच रिकामी झाली होती. हो की नाही ते सोमवारी सकाळी कळवायचं होतं.

सगळं फ्रीजपासून सुरू झालं. हिल्डे सप्टेंबरात एकदा न कळवता आली आणि कोट काढायच्या आधी तिनं फ्रीज उघडला. आत मोहरीच्या सॉसची बाटली, सुकलेलं लिंबू आणि एक गाजर होतं. ती बराच वेळ आतल्या दिव्याकडे बघत उभी राहिली. ओडिलॉननं सांगितलं की तो रोज जेवतो, आणि ते खरंही होतं. पाव घ्यायचा, त्यावर चीज ठेवायचं आणि सिंकपाशी उभं राहून खायचं. ताट लागत नाही, धुवायचा प्रश्न येत नाही. चीज नेमकं त्याच सकाळी संपलं होतं. पण हे सांगितलं तर प्रकरण आणखी वाईट दिसेल असं त्याला वाटलं.

"ममा गेल्यापासून तुम्ही निम्मे झालात, पपा," हिल्डे म्हणाली.

तेही खरं होतं. मारिएटला जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि पट्ट्याला त्यानं स्वतः खिळ्यानं दोन नवीन भोकं पाडली होती.

मग ऑक्टोबरात हिल्डेचा फोन आला. गेंटमध्ये नदीकाठी एक चांगलं रेस्टॉरंट आहे, रविवारचं टेबल सांगून ठेवलंय, असं ती म्हणाली. ती समोर बसणार आणि तो जेवणार. ताट रिकामं झालं तर हासेल्टचा विषय ती पुन्हा काढणार नव्हती. ओडिलॉन कबूल झाला. जेवणच तर करायचं होतं.

आता कार्डांबद्दल. लेडेबर्गमध्ये ऑक्टोबर आला की जो तो कुठल्या तरी सत्कार्यासाठी जेवण घालतो. त्याची कार्डं महिनाभर आधी दारोदार विकली जातात. मारिएट असेपर्यंत दार तीच उघडायची. ओडिलॉन आत पेपर वाचत बसलेला असायचा आणि त्याला तिचा आवाज ऐकू यायचा, "दोन दे." दारात कोण आहे ते बघायला तो कधी उठला नाही. या वर्षी दार त्याला उघडावं लागलं.

पहिली आली झानीन, चर्चच्या मंडळातली. काँगोत विहीर खणायची होती, त्यासाठी व्हॉलोव्हाँचं, म्हणजे पुडाच्या वाटीत भरलेल्या कोंबडीचं जेवण होतं. झानीन मारिएटची मैत्रीण. ती दारात उभी राहिली, कार्डांचा गठ्ठा तिनं या हातातून त्या हातात घेतला आणि हळूच विचारलं, "मग, ओडिलॉन, यंदा किती?"

"दोन," ओडिलॉन म्हणाला.

शब्द बाहेर पडल्यावर तो त्याला ऐकू आला. परत घेता आला असता. पण परत घेतला असता तर झानीनला काहीतरी बोलावं लागलं असतं, तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला असता, आणि त्याला तो हात तिथे असेपर्यंत उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा दोन सोपं होतं. झानीननं दोन कार्डं फाडून दिली आणि ती पुढच्या दारी गेली.

एकदा झानीनकडून दोन घेतल्यावर बँडवाल्या मॉरिट्सकडून एक घेणं बरं दिसलं नसतं. मॉरिट्सची शिंपल्यांची मेजवानी होती, लहान मुलांच्या इस्पितळासाठी. नंतर सायकल क्लबचा विल्फ्रीद आला. त्यांना एका आंधळ्या माणसासाठी शिकवलेला कुत्रा घ्यायचा होता, आणि तो स्पॅगेटीतून घेणार होते. ओडिलॉननं दोन्हीकडून दोन-दोन घेतली आणि कार्डं घड्याळामागे ठेवली, कारण मारिएट ती तिथेच ठेवायची.

शनिवारी रात्री त्यानं ती काढून बघितली तेव्हा कळलं की तिन्ही जेवणं दुसऱ्याच दिवशी होती. आधीच्या रविवारी सायकलींची शर्यत होती, पुढच्या रविवारी लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी फुलं घेऊन कबरस्तानात जाणार होते. उरलेला एकच रविवार सगळ्यांनी धरला होता.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. पण ओडिलॉननं आयुष्यभर ट्राम चालवली होती. गाडीत एकही माणूस नसला तरी ती शेवटच्या थांब्यापर्यंत न्यायची असते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि ते पुन्हा शिकवावं लागलं नाही. कार्ड घेतलंय म्हणजे जायचं. त्यानं हिशेब केला: प्रत्येक ठिकाणी थोडंसं खायचं, दुसरं कार्ड खिशातच ठेवायचं, संध्याकाळी भूक शिल्लक ठेवायची. सकाळी त्यानं काळा सूट घातला, जो मारिएटच्या अंत्यविधीनंतर कपाटातून निघाला नव्हता, आणि पट्टा सगळ्यात आतल्या भोकात लावला.

चर्चच्या हॉलमध्ये दारातल्या टेबलापाशी झानीन बसली होती. तिनं हात पुढे केला, ओडिलॉननं खिशातून निघालं ते दिलं. दोन्ही कार्डं अजून एकमेकांना जोडलेली होती. झानीननं कार्डांकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. आत बायकांची बरीच कुजबुज झाली. ती थांबली आणि झानीन दोन ताटं घेऊन बाहेर आली.

एक तिनं ओडिलॉनपुढे ठेवलं. दुसरं समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं, शेजारी काटा-सुरी मांडली, कागदी रुमालाची नीट घडी घातली. माणसानं दोन ताटांचे पैसे दिलेत तर त्याला दोन ताटं मिळाली पाहिजेत. चर्चच्या मंडळावर उगाच कुणी बोट ठेवायला नको.

ओडिलॉन आपलं ताट खायला लागला. पुडाची वाटी खुसखुशीत होती, आतली कोंबडी मऊ होती, बाजूला बटाट्याच्या तळलेल्या कापांचा ढीग होता. समोरच्या ताटातून वाफ येत होती. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक स्वतःच्या ताटात जरा जास्तच लक्ष घालून जेवत होते. एका म्हाताऱ्यानं येऊन खुर्ची घेऊ का विचारलं, मग ताट बघितलं आणि माफी मागून गेला.

वाफ थांबली. पांढऱ्या रश्श्यावर साय धरायला लागली. ओडिलॉननं झानीनला बोलावून ते घरी नेता येईल का असं विचारलं. ती म्हणाली की दोन वर्षांपूर्वी कुणीतरी डबा नेला, तीन दिवसांनी खाल्ला आणि पोट बिघडल्यावर चर्चचं नाव घेतलं. तेव्हापासून हॉलमधून काही बाहेर जात नाही. "राहू दे ना, ओडिलॉन," ती म्हणाली. "मी नेते उचलून."

पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की ती ते उचलणार, भरलेलं ताट रिकाम्या खुर्चीपुढून घेऊन अख्ख्या हॉलमधून चालत जाणार आणि आत जाऊन रडणार. त्यानं ताट आपल्याकडे ओढलं आणि संपवलं. मारिएटलाही अन्न टाकलेलं आवडायचं नाही. बाहेर आल्यावर त्यानं पट्टा एक भोक सैल केला.

बँडच्या ठिकाणी असं काही होऊ नये म्हणून त्यानं रस्त्यातच एक कार्ड फाडून वेगळं केलं आणि आतल्या खिशात लपवलं. शाळेच्या जिममध्ये शिरला तर मॉरिट्स गणवेशात, गळ्यात एप्रन अडकवून उभा. ओडिलॉनला बघून तो थबकला.

"तू आलास?" मॉरिट्स म्हणाला.

"आलो."

"नाही, बरं केलंस. बस ना, बस." मॉरिट्स अजूनही त्याच्याकडे बघत होता. ओडिलॉननं एक कार्ड दिलं. मॉरिट्सनं ते उलटसुलट केलं. "आणि दुसरं? दोन घेतलीस की. मीच दिली."

ओडिलॉन म्हणाला की दुसरं कुठे दिसत नाही. हे अगदी खोटं नव्हतं, कारण खिशाच्या आत ते दिसत नव्हतंच. मॉरिट्सनं त्याच्या पाठीवर थाप मारली. कार्ड हरवलं म्हणून ओळखीच्या माणसाचं जेवण बुडवायला बँडवाले काही चोर नाहीत, असं तो म्हणाला, आणि जरा वेळानं शिंपल्यांची दोन काळी पातेली टेबलावर आली. शिंपल्या पातेलंभरच द्यायच्या असतात, कमी देता येत नाहीत. बँडनं वाजवायला सुरुवात केली. ओडिलॉन एकेक शिंपली उघडत राहिला. काही शिंपल्या न खाताच टरफलांखाली दडवल्या तर कुणाला कळणार नाही असं त्याच्या मनात आलं, पण मॉरिट्स ट्रॉम्बोन वाजवताना नेमका त्याच्याकडे तोंड करून उभा होता आणि प्रत्येक तुकडा संपला की मान हलवून विचारत होता, कशा आहेत? पट्टा आणखी एक भोक सैल झाला. आता तो जुन्या भोकांवर आला होता, मारिएटच्या वेळच्या.

सायकल क्लबला जाताना ओडिलॉननं ठरवलं की आता सरळ खरं सांगायचं: पोट भरलंय, कुत्र्यासाठी पैसे दिलेत, शुभेच्छा, चाललो. क्लबचं जेवण कॅफेच्या मागच्या खोलीत होतं. विल्फ्रीद दारातच भेटला आणि म्हणाला, "ओडिलॉन? तू खरंच आलास?" आणि तोंडात सिगारेट तशीच ठेवून त्याला आत घेऊन गेला. इतक्या प्रेमानं आपली वाट बघत असतील असं ओडिलॉनला वाटलं नव्हतं. आता लगेच जातो म्हणणं जड होतं.

आत सॉसच्या भल्यामोठ्या भांड्यामागे लाल दाढीचा एक आडदांड माणूस उभा होता. ओडिलॉननं त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. विल्फ्रीदनं ओळख करून दिली: हा योरिस, आपल्याबरोबर सायकल चालवतो, पण शहरात मोठा आचारी आहे, आजची दुपार त्यानं कुत्र्यासाठी दिलीय. योरिसनं कार्डं घेतली. ती दोन होती, कारण ओडिलॉनला आता लपवाछपवी करायची ताकद राहिली नव्हती.

"दुसरं कुणासाठी?" योरिसनं विचारलं.

लेडेबर्गमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नसता.

"बायकोसाठी," तो म्हणाला. "ती येत नाहीये."

"बरं नाही का?"

ओडिलॉननं मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. योरिसला ती हो वाटली. त्यानं पळीभर सॉस जास्त घातला. तिच्या वाटचं तुम्ही खा, तुम्हालाही ताकद पाहिजे, असं तो म्हणाला. ओडिलॉननं डब्याचं विचारून बघितलं. योरिसचा चेहरा पडला. स्पॅगेटी डब्यात घालून नेली की घरी जाईपर्यंत तिचा लगदा होतो, आणि लगदा तो आजारी बाईला पाठवणार नव्हता. "माझा सॉस ताटात टाकून कुणी उठलं नाही अजून," योरिस म्हणाला. ही धमकी नव्हती. तो नुसतं सांगत होता. मग तो भांड्यामागे हात बांधून उभा राहिला, आणि ओडिलॉन खाली बसला.

तिथून बाहेर पडल्यावर पट्ट्याला भोकं उरली नव्हती. ओडिलॉननं तो काढून कोटाच्या खिशात ठेवला. शहरापर्यंत तो चालत गेला, उड्डाणपुलाखालून, हळूहळू, बसलेलं काहीतरी खाली सरकेल या आशेनं. दोन ट्राम शेजारून गेल्या. दोन्ही चालकांनी त्याला ओळखून घंटा वाजवली. त्यानं हात केला, पण वेग वाढवला नाही.

हिल्डे आधीच येऊन बसली होती. तिनं उठून त्याला जवळ घेतलं, मग मागे सरकून बघितलं.

"कोट बरा बसतोय की," ती म्हणाली.

ही चांगली सुरुवात होती. पुढचं आणखी चांगलं निघालं. पहिल्यांदा वेटरनं प्रत्येकापुढे एक चमचा ठेवला. चमच्यात गुलाबी फेस होता आणि तो बिटाचा आहे असं वेटरनं बराच वेळ समजावून सांगितलं. ओडिलॉननं तो गिळला. तोंडात काही आलंच नाही. मग अंडं ठेवायच्या भांड्याएवढ्या कपात सूप आलं. तेही गेलं. महाग रेस्टॉरंटांबद्दल ओडिलॉनला आयुष्यात पहिल्यांदाच आदर वाटला. हिल्डे त्याच्या रिकाम्या कपाकडे बघून हसली. आपण घरी राहणार, असं त्याला वाटायला लागलं.

"मुख्य ताट मी आधीच सांगून ठेवलंय," हिल्डे म्हणाली. "त्यांच्या मेनूत नसतं. मी फोन करून मागितलं. म्हटलं, माझ्या वडिलांसाठी हवंय, आई रविवारी करायची तसं."

वेटरनं ताट ठेवलं. पुडाची वाटी, पांढऱ्या रश्श्यातली कोंबडी, मशरूम, बाजूला तळलेले काप. आचाऱ्यानं विनंती मनावर घेतली होती. ताट मोठं होतं.

ओडिलॉननं काटा उचलला. एक मशरूम खाल्लं. मशरूम घशाशी आलं आणि तिथेच थांबलं, गर्दीच्या वेळी शेवटचा माणूस पायरीवर चढतो आणि दार लागत नाही तसं. त्यानं पाणी प्यायलं. पाण्यालाही जागा नव्हती. मग तो कोंबडीचे तुकडे रश्श्यात इकडून तिकडे नेऊ लागला.

"पपा."

"खातोय."

"तुम्ही नुसतं हलवताय."

त्याला सांगता आलं असतं. पण काय सांगणार? की मी प्रत्येक ठिकाणी दोन कार्डं घेतली, एक माझं आणि एक तुझ्या ममाचं. की झानीननं तिचं ताट वाढलं. हासेल्टच्या त्या इमारतीत दोन मजले होते, हे त्यानं बघून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावर गुडघे दुखणारे लोक राहतात. वरच्या मजल्याच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप असतं. गेलेल्या बायकोसाठी जेवणाची कार्डं घेणारा माणूस कुठल्या मजल्यावर जातो, ते त्याला विचारावं लागलं नसतं. त्यानं आणखी एक तुकडा हलवला.

हिल्डेनं आपला काटा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"चूक माझीच," ती म्हणाली. "ममाचं मागवायला नको होतं. मला वाटलं, निदान हे तरी खाल." मग तिनं रुमालाची घडी केली. "उद्या मी त्यांना हो सांगते, पपा. खोलीतून बाग दिसते."

"मला बाग नकोय."

"माहितीय मला."

वेटरनं येऊन अदबीनं विचारलं की झालं का. हिल्डेनं मान हलवली, आणि वेटर जवळजवळ भरलेलं ताट घेऊन आत गेला. आत क्षणभर सगळे आवाज थांबले. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ताट बाहेर आलं. या वेळी ते लाल दाढीच्या एका आडदांड माणसाच्या हातात होतं.

"माफ करा," तो हिल्डेला म्हणाला, "पण हे परत आलं की मला झोप लागत नाही. मीठ कमी होतं का?" आणि मग त्यानं ओडिलॉनकडे बघितलं. "अरे. तुम्ही?"

ओडिलॉन टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे बघत होता.

"तुम्ही ओळखता पपांना?" हिल्डेनं विचारलं.

"आज दुपारीच भेटलो. सायकल क्लबला. दोन ताटं स्पॅगेटी खाल्ली त्यांनी, बघत राहावं असं खाल्लं." योरिसनं ताट टेबलावर ठेवलं आणि तो काळजीनं वाकला. "बाई कशा आहेत आता? बरं वाटतंय का?"

"कोण बाई?" हिल्डे म्हणाली.

"यांच्या मिसेस. त्यांच्यासाठीच तर दुसरं कार्ड होतं. येऊ शकल्या नाहीत ना."

हिल्डेच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला. तिनं वडिलांकडे बघितलं आणि एकदम हळू, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "पपा. ममा कुठे आहे?"

"वेस्टरबेगराफच्या कबरस्तानात," ओडिलॉन म्हणाला. "भिंतीजवळची तिसरी कबर. मी दर मंगळवारी जातो. मला माहितीय, हिल्डे. सगळं माहितीय."

योरिस ताठ उभा राहिला. त्याला जावंसं वाटत होतं, पण ताट टेबलावर होतं आणि ते सोडून जाणंही बरं दिसलं नसतं.

"झानीन दारात आली," ओडिलॉन म्हणाला. "तिनं विचारलं किती. आपल्याकडे दोनच घेतात. चाळीस वर्षं मी आतून तेच ऐकलंय. एक म्हणायला गेलो तर ते तोंडातून निघेना. एवढंच आहे." मग त्याला वाटलं की आता सांगायचंच तर सगळं सांगावं. "बँडवाल्यांकडून पण दोन घेतली. तिथे शिंपल्या होत्या. झानीनकडे हेच होतं, व्हॉलोव्हाँ. सगळीकडे दोन-दोन ताटं खाल्ली. म्हणून आता जात नाहीये."

शेजारच्या टेबलावरचा माणूस कान देऊन ऐकत होता, तो पाणी प्यायल्यासारखं करू लागला.

"तिन्हीकडे गेलात?" हिल्डेनं अखेर विचारलं.

"कार्डं होती ना."

"पपा, तुम्ही आणि ममा दरवर्षी कुठे जायचात?"

"झानीनकडे."

"आणि बाकीच्यांकडे?"

"बाकी कोण? बाकीचे बोलवायचेच नाहीत," ओडिलॉन म्हणाला. "बँडवाले तर कधीच नाही. मी मारिएटला बोललो पण होतो, मॉरिट्स इतका ओळखीचा, पण एकदा कधी विचारत नाही. मला वाईट वाटायचं."

हिल्डेनं तोंडावर हात ठेवला. ती रडतेय की काय हे ओडिलॉनला कळेना. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसतेय हे त्याला कळलं. तिनं रुमालानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. ममा सगळ्यांची कार्डं घ्यायची: बँडची, सायकलवाल्यांची, अग्निशमनवाल्यांची, शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांची. सगळ्यांची दोन-दोन. ती घड्याळामागे ठेवायची आणि नाताळ झाला की चुलीत घालायची. कुणीच सगळीकडे जात नाही. कार्ड घ्यायचं ते पैसे देण्यासाठी. जेवायला आपल्या माणसांकडे जायचं, आणि बाकीच्यांनी आपण येणार नाही असं धरूनच स्वयंपाक केलेला असतो.

"निम्मे तरी येत नाहीत," योरिस म्हणाला. "सगळे आले तर आम्ही मेलो. आज नेमका सॉस कमी पडला. विल्फ्रीद म्हणत होता, कुणीतरी जास्तीचं आलंय."

ओडिलॉननं विचार केला. मॉरिट्स कसा बघत राहिला होता, विल्फ्रीदच्या तोंडात सिगारेट कशी तशीच राहिली होती, ते आठवलं. त्या वेळी त्याला ते प्रेम वाटलं होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"ममाला वाटलं असेल, तुम्हाला माहीत आहे."

योरिसनं ताटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे आता नेऊ का. कोंबडीत काही दोष नव्हता एवढं कळलं तरी त्याला पुरे होतं. पण हिल्डेनं ताट आपल्याकडे ओढलं. तिचं स्वतःचं अर्धं खाऊन झालं होतं. ते तिनं आधी संपवलं. मग वडिलांचं खायला घेतलं. ओडिलॉन तिच्याकडे बघत बसला. ती अगदी मारिएटसारखी खायची, आधी पुडाची कड आणि शेवटी मशरूम. योरिस शेवटचा घास जाईपर्यंत उभा होता, मग रिकामं ताट घेऊन समाधानानं आत गेला.

"सोमवारी काय सांगणार त्यांना?" ओडिलॉननं विचारलं.

"सांगेन, वडील जेवतात." तिनं कमरेवरचं बटण उघडलं. "पण फ्रीज भरायचा, पपा. चीज नाही. भाजी."

ओडिलॉन कबूल झाला. वेटरनं कॉफी आणली, बशीत एक छोटं बिस्कीट होतं. दोघांनीही ते एकमेकांकडे सरकवलं आणि शेवटी ते तिथेच राहिलं. निघताना हिल्डेनं पर्स उघडली, किल्ल्या शोधताना तिचा हात थांबला, आणि ती जरा ओशाळून हसली.

"विचारू की नको कळत नाहीये," ती म्हणाली. "आमच्या शाळेचं आहे. पॅनकेक. इस्पितळात मुलांना हसवायला विदूषक जातात ना, त्यांच्यासाठी." तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता. "मगाशी मी हात धुवायला गेले तेव्हा तुमच्या त्या योरिसनं चार घेतली."

"तो जाणार आहे?"

"छे."

ओडिलॉननं खिशातून पैशांचं पाकीट काढताना पट्टाही बाहेर आला. तो त्यानं टेबलावर ठेवला.

"आणि मी? जायलाच पाहिजे का?"

"अजिबात नाही."

"मग दोन दे," ओडिलॉन म्हणाला.